एडीएस-बी रिसिव्हर कोकणात: पाऊस धरून नऊ महिने वापरल्यावर

रत्नागिरीजवळ, किनाऱ्यालगतच्या घरावर मे ते जानेवारी असा सलग नऊ महिने चालवलेल्या एडीएस-बी रिसिव्हरचा हा अनुभव. विमानं आपली ओळख, उंची आणि स्थान रेडिओवरून सतत सांगत असतात, ते संदेश पकडणारं हे यंत्र. विमानं ओळखण्याचा छंद असेल आणि घर कोकणात असेल, तर हे यंत्र जरूर बसवा. फक्त डोंगल (संदेश पकडणारी यूएसबी कांडी) साधा घेतलात तरी चालेल, पैसा अँटेना, केबल आणि सांधे बंद करायच्या टेपवर घाला. इथे बिघाड होतो तो बहुतेक वेळा खाऱ्या हवेने आणि केबलमध्ये शिरलेल्या पाण्याने.

जोडणी अशी: 1090 मेगाहर्ट्झचा (हे संदेश याच फ्रिक्वेन्सीवर येतात) फिल्टर आणि अँप्लिफायर आतच असलेला यूएसबी डोंगल, रास्पबेरी पाय 3बी प्लस हा छोटा संगणक, फायबरग्लासच्या नळीतली उभी, कोलिनिअर प्रकारची अँटेना, आरजी-6 केबल 10 मीटर. सॉफ्टवेअर रीडएसबी, नकाशासाठी टार1090 आणि आलेखांसाठी ग्राफ्स1090. आरजी-6 म्हणजे आपली डिश टीव्हीची केबल. ती 75 ओहमची आणि डोंगल 50 ओहमचा, म्हणून अनेक जण बिचकतात. प्रत्यक्षात त्या फरकाने सिग्नलचे जेमतेम 0.2 डेसिबल जातात. 10 मीटरला आरजी-6 साधारण 2 डेसिबल खाते, आरजी-58 पाच-सहा, आणि अँटेनासोबत फुकट येणारी बारीक काळी आरजी-174 दहाच्या वर. 6 डेसिबल गेले की पल्ला निम्मा होतो. त्या बारीक केबलवर अँटेना छपरावर नेण्यात काही अर्थ नाही.

आता पल्ला. हा सगळा नजरेच्या टप्प्याचा हिशेब आहे: अँटेनाच्या आणि विमानाच्या उंचीची, दोन्ही मीटरमध्ये, वर्गमुळं काढा, बेरीज करा आणि 4.12 ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. अँटेना समुद्रसपाटीपासून 10 मीटरवर असेल तर 35,000 फुटांवरचं विमान समुद्राच्या बाजूला सुमारे 440 किलोमीटरपर्यंत मिळतं. पश्चिमेला अडथळा शून्य असल्याने आखाती देश आणि केरळ यांच्यामधली विमानं समुद्रावर लांबवर पकडता येतात. पूर्वेला मात्र 50-60 किलोमीटरवर सह्याद्रीची धार उभी आहे. ती 900 मीटर धरली तर तेच विमान 330 च्या पुढे हरवतं, आणि 10,000 फुटांवरचं विमान समुद्राकडे 240 किलोमीटरपर्यंत दिसत असताना घाटाकडे 140 च्या आसपासच संपतं. पल्ल्याचा नकाशा पूर्वेला चेपलेला दिसला म्हणून अँटेना बदलू नका, तो डोंगर आहे.

गोव्यातला दाबोळी विमानतळ रत्नागिरीहून सरळ रेषेत सुमारे 190 किलोमीटर. तिथे उतरणारं विमान 6,000 फुटांच्या खाली आलं की इथल्या नकाशावरून नाहीसं होतं. मालवणात अंतर 85 च्या आसपास, त्यामुळे तिथे तेच विमान 1,000 फुटांपर्यंत दिसायला हवं, मधे टेकडी नसेल तर. घर सड्यावर (कातळाच्या पठारावर) 90 मीटर उंचीवर असेल तर पल्ल्यात 26 किलोमीटरची भर पडते. खाली उडणाऱ्या विमानांसाठी ही भर महागड्या अँटेनापेक्षा जास्त मोलाची.

पावसाबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण बहुतेकांचं यंत्र पहिल्या श्रावणातच बंद पडतं. पाणी शिरतं ते कनेक्टरच्या आट्यांमधून, आणि एकदा आत गेलं की केबलच्या सालीखालच्या जाळीच्या तारांमधून वातीसारखं ओढलं जातं. बाहेरून केबल ठणठणीत दिसते. कनेक्टरपासून वीतभर अंतरावर साल काढून पाहा: जाळी चकचकीत असायला हवी, ती काळपट, पांढरट किंवा हिरवी झाली असेल तर तेवढा तुकडा कापून टाका, आणि स्वच्छ जाळी लागेपर्यंत कापत जा.

सांधा बंद करण्याची रीत: आधी साध्या इन्सुलेशन टेपचा एक थर, म्हणजे पुढे उघडताना कनेक्टर चिकट होत नाही. त्यावर स्वतःशीच एकजीव होणारी रबरी टेप, दुप्पट लांबीपर्यंत ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा येईल अशी. सुरुवात खालून करायची आणि वर जायचं. कौलं शाकारताना वरचं कौल खालच्यावर येतं, तसंच पाणी वेढ्यांवरून घसरलं पाहिजे. वरून खाली गुंडाळली तर प्रत्येक वेढा पन्हळीसारखा पाणी आत घेतो. शेवटी उन्हासाठी पुन्हा साधी टेप. आंबूस वासाचं सिलिकॉन वापरू नका, त्यातलं अॅसिटिक आम्ल तांबं खातं. केबल घरात शिरण्याआधी खाली एक झोका सोडा, थेंब तिथून गळतील. कोलिनिअरच्या बुडाला बारीक छिद्र असतं ते बुजवू नका, नळीत साचलेलं पाणी तिथूनच निघतं. खांबाला जीआय पाइप चालतो, पण क्लँप आणि बोल्ट 316 स्टेनलेसचे घ्या. 304 वर किनाऱ्याजवळ तांबूस ठिपके लवकर येतात.

बिघाड ओळखायला आलेख पुरेसे आहेत. सगळ्या दिशांचा पल्ला आठवड्या-दोन आठवड्यांत हळूहळू उतरला तर पाणी. एकाच दिशेचा उतरला तर झाड: पावसात आंब्याची ओली पानं या फ्रिक्वेन्सीला बऱ्यापैकी अडवतात. एकदम शून्य झालं तर डोंगल किंवा वीज. लांबची विमानं दिसतात पण डोक्यावरचं गायब होतं, तेव्हा गेन (डोंगल सिग्नल किती वाढवतो ती सेटिंग) जास्त आहे. 49.6 वरून एकेक पायरी खाली या, आणि उणे 3 डेसिबलच्या वरचे, म्हणजे फारच जोरदार, संदेश एकूण संदेशांच्या 5 टक्क्यांखाली राहतील तिथे थांबा. मोबाइलचा टॉवर जवळ असेल तर बिनफिल्टरचा डोंगल घेऊच नका.

वीज हा दुसरा त्रास. झटके देत जाणारी वीज मेमरी कार्ड खराब करते. राउटरसाठी मिळतो तसा छोटा यूपीएस लावला आणि नोंदी कार्डाऐवजी रॅममध्ये ठेवल्या की तो प्रश्न मिटतो. रास्पबेरी पाय कौलांखालच्या माळ्यावर ठेवू नका. एप्रिल-मेच्या दुपारी तो 80 अंशांच्या जवळ जातो आणि स्वतःचा वेग कमी करतो. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू होण्याआधी केबल डोंगलपासून काढून तिचं टोक घराबाहेर ठेवा. खांबाला अर्थिंग हवंच.

लष्करी विमानांसाठी घेत असाल तर अपेक्षा नीट ठेवा. कित्येक लष्करी विमानं आपलं स्थान प्रक्षेपित करतच नाहीत. ट्रान्सपाँडर (रडारला उत्तर देणारं विमानातलं यंत्र) चालू असेल तर मोड-एसचा 24 बिटांचा पत्ता, म्हणजे त्या विमानाचा ओळख क्रमांक, मिळतो. भारतात नोंदलेल्या विमानाचा पत्ता 80 ते 83 ने सुरू होतो. रडार त्याला विचारत असेल तर उंचीही येते. समुद्रावर खाली, रडारच्या टप्प्याबाहेर असेल तर नुसता पत्ता. नकाशावर काही नाही, यादीत एक ओळ मात्र आहे, तिचा सिग्नल मिनिटागणिक वाढतोय: अशा वेळी दुर्बीण घेऊन गच्चीवर जायचं. यंत्राचा खरा उपयोग हा, घंटी म्हणून. चार रिसिव्हरच्या वेळेच्या फरकावरून स्थान काढता येतं, पण किनाऱ्यावर रिसिव्हर विरळ असल्याने त्यावर भिस्त ठेवू नका.

पुढची ओळख डोळ्यांनी आणि कानांनी. डॉर्नियर 228 या छोट्या टेहळणी विमानाचे पंख वर, अंग चौकोनी, आणि टीपीई331 इंजिनांचा तो कर्कश, चिरका आवाज एकदा कानात बसला की विसरत नाही. नौदलाचं टेहळणी विमान पी-8आय म्हणजे मूळचं बोइंग 737, पण पंखांची टोकं वर वळलेली नसतात, मागे तिरकी निमुळती होतात, आणि शेपटीमागे दांडा असतो. हेलिकॉप्टरांत चेतकला तीन पाती, ध्रुवला चार, सी किंगला पाच. 8 गुणिले 42 ची दुर्बीण हातात स्थिर राहते. 10 पटींच्या वर गेलात तर वाऱ्यात पाती मोजता येत नाहीत. पावसाळ्यात ती सिलिका जेलसकट हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर भिंगांवर बुरशी धरते.

दाबोळीचा विमानतळ हा नौदलाचा तळ, आयएनएस हंसा. तिथे कुंपणाशी कॅमेरा नको. लष्करी विमानाची ओळ चालू असताना तिचा स्क्रीनशॉट कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, वेळ आणि जागा काढून टाकली असली तरीही. विमानांचे नकाशे दाखवणाऱ्या साइटना माहिती पुरवत असाल तर स्वतःच्या घराचं स्थानही सार्वजनिक नकाशावर ढोबळच दिसेल अशी सेटिंग करा.

पुढच्या मेमध्ये, पावसाआधी, दोन्ही सांधे उघडून टेप नव्याने गुंडाळायची आहे आणि केबलचं वरचं टोक वीतभर कापायचं आहे. म्हणून बसवतानाच वर मीटरभर केबल जादा ठेवा.