खरेदी-विक्री ग्रुप, ॲप, पत्रक आणि भोंगा: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मे महिन्यापासून हरभरा निघेपर्यंत लातूर-नांदेड सीमेवरच्या एका तालुक्याच्या गावात शेतीसामानाच्या जाहिराती चार मार्गांनी देऊन पाहिल्या. व्हॉट्सॲपचे खरेदी-विक्री ग्रुप, मोबाइलवरचं एक मोठं जाहिरात ॲप, पेपरात घालून वाटायची पत्रकं आणि बाजारच्या दिवशी फिरणारा रिक्षाचा भोंगा. विकायला होतं ते नेहमीचंच: तुषार संच, घरचं सोयाबीन बियाणं, कडबा, रोटाव्हेटर, एक जुना ट्रॅक्टर.

आपल्याकडे गिऱ्हाईक १५-२० किलोमीटरवरून येतं. गाडीत पेट्रोल टाकून, सोबत एखाद्या जाणकाराला घेऊन, अर्धा दिवस मोडून येतं. आल्यावर पाईप ६३ एमएमचे निघाले आणि त्याला पाहिजे होते ७५ चे, तर त्याची खेप वाया जाते, आणि पुन्हा तो त्या ग्रुपवरची जाहिरात बघून घर सोडत नाही. म्हणून जाहिरात चांगली की वाईट हे एकाच गोष्टीवर ठरवलं: तिनं वाया जाणारी खेप वाचवली का?

ग्रुप सगळ्यात उपयोगी ठरले. एका ग्रुपात १०२४ माणसं बसतात. खर्च काही नाही, फोटो जातो, आवाज जातो आणि विकणारा कोणत्या गावचा, कुणाच्या नात्यातला हे दोन फोनांत कळतं. ही ओळख दुसऱ्या कोणत्याच मार्गात नाही. पण सकाळच्या शुभेच्छा, वाढदिवस आणि बाजारभावांच्या गर्दीत जाहिरात दुपारपर्यंत कुठल्या कुठे जाते. ॲडमिनला एका वेळी ३ मेसेज पिन करता येतात, २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवसांसाठी. त्याला सांगून करून घ्यावं. नव्यानं आलेल्याला मागचे मेसेज आपोआप दिसत नाहीत, म्हणून आठवड्यातून एकदा जाहिरात पुन्हा टाकावीच लागते.

शोधण्याची अडचण मोठी आहे. एकजण ‘स्प्रिंकलर’ लिहितो, दुसरा ‘तुषार’, तिसरा ‘फवारा’, चौथा रोमन अक्षरांत. ग्रुपात शोधताना जो शब्द टाकाल तोच सापडतो. यावर उपाय सोपा: पहिल्याच ओळीत सगळी नावं लिहायची. नुसता आवाज रेकॉर्ड करून टाकलेली जाहिरात वयस्कर माणसं आवडीनं ऐकतात, पण ती शोधून सापडत नाही; आवाज टाकला तरी खाली लेखी मजकूर द्यावा.

दुसरी चूक जवळजवळ सगळेच करतात. फोटो वेगळे, किंमत वेगळ्या मेसेजमध्ये. फोटो पुढच्या ग्रुपात जातात, किंमत मागेच राहते आणि मग दिवसभर ‘किती?’ एवढ्यासाठीच फोन. किंमत, गाव आणि नंबर निदान एका फोटोवरच लिहून टाकावा. पाठवलेला मजकूर १५ मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो, नंतर नाही. त्यामुळे किंमत बदलली तर जुना मेसेज, काढता येत असेल तर, सगळ्यांसाठी काढून टाकून नवा द्यावा. एकाच मालाच्या दोन किमती फिरू लागल्या की सौदा मोडलाच म्हणून समजा.

ब्रॉडकास्ट यादीबद्दल (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची व्हॉट्सॲपची सोय) दुकानदारांचा गैरसमज आहे. यादीत २५६ नंबर घालता येतात, पण ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यालाच मेसेज पोहोचतो. कृषी सेवा केंद्रवाल्याला ती चालते, कारण त्याचा नंबर घरोघर असतो. एकच वस्तू विकणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

आता तुषार संचाची जाहिरात नीट बघू, कारण ऑक्टोबरात सोयाबीन रानातून निघालं की सगळ्यात जास्त विचारणा याचीच असते. फोन न करता माणूस थेट बघायला आला ती जाहिरात अशी होती:

‘तुषार (स्प्रिंकलर, फवारा) संच विकणे आहे. ७५ एमएम, २० फुटी पाईप २८ नग, पैकी २ ची तोंडं चिरलेली. नोझल ५, स्टँड ५, बेंड १, टी १, एंड कॅप १. रबर रिंगा मागच्या वर्षी नव्या घातल्या. ३ हंगाम वापर, उन्हाळ्यात शेडमध्ये. सगळा संच एकत्र, सुटे पाईप नाहीत. या आठवड्यात वीज दिवसा आहे, १० ते ४ मध्ये पाणी लावून दाखवू.’ खाली किंमत, गाव, फाट्यापासूनचं अंतर.

यातल्या प्रत्येक शब्दाला कारण आहे. नव्या संचात साधारण ३० पाईप येतात, म्हणजे २८ लिहिल्यावर दोन कुठे गेले हे कुणी विचारत नाही. चिरलेल्या दोघांचा उल्लेख आधीच केल्यानं रानात आल्यावर घासाघीस होत नाही. लपवलं असतं तर त्या दोन पाईपांच्या नावानं सगळ्या संचाची किंमत पाडली गेली असती. रबर रिंग जुनी झाली की कडक होते, जोडातून पाणी गळतं, दाब कमी पडतो आणि शेवटचा नोझल फिरत नाही. जाणकार घेणारा आल्या आल्या तोच बघतो. विजेची पाळी लिहिली नाही तर माणूस नेमका रातपाळीच्या आठवड्यात येतो आणि कोरडे पाईप बघून परत जातो.

फोटो चार पुरतात. पहिला थप्पीचा, पण बाजूनं नाही, तोंडाकडून. सगळी गोल तोंडं दिसली की घेणारा घरी बसून नग मोजतो. दुसरा पाईपवरच्या छाप्याचा अगदी जवळून: कंपनी, एमएम, दाबाचा वर्ग आणि आयएस १४१५१ हा क्रमांक वाचता आला पाहिजे, छापा उन्हानं पुसट झाला असेल तर ओल्या फडक्यानं पुसून सकाळच्या तिरप्या उजेडात काढावा. तिसरा क्लिप आणि रिंग दिसेल असा जोडाचा, चौथा नोझलचा. पाठवताना एचडी निवडावं, नाहीतर छाप्याची अक्षरं फुटतात. अनुदानातून घेतलेला संच असेल तर आधी आपण लिहून दिलेलं हमीपत्र वाचावं, मगच विकायचा विचार करावा.

‘कंडिशन एक नंबर’, ‘घेणाऱ्यानेच फोन करावा’, ‘टाइमपास करू नये’ या ओळींनी काहीही सांगितलं जात नाही. त्या जागेत पाईपची लांबी लिहावी.

मे महिन्यातला मोठा बाजार घरच्या सोयाबीन बियाण्याचा. सोयाबीन स्वपरागित, त्यामुळे सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचं बियाणं दोन-तीन वर्षं घरचं वापरता येतं. एमएयूएस ७१, एमएयूएस १६२, एमएयूएस ६१२, फुले संगम या नावांना आपल्या भागात लगेच प्रतिसाद मिळतो. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातलं बियाणं विकायची मुभा दिली आहे, पण ब्रँडच्या नावानं नाही. कंपनीच्या रिकाम्या पिशवीत भरून विकणं हा गुन्हाच, आणि असे फोटो ग्रुपात दिसले की ॲडमिननं लगेच काढावेत. मान्यता नसलेल्या तणनाशक-सहनशील कापूस बियाण्याची आणि उरलेल्या फवारणीच्या औषधाच्या फोडलेल्या बाटल्यांचीही जाहिरात ग्रुपात येते. ती ठेवूच नये.

बियाण्याच्या जाहिरातीत उगवण लिहिलीच पाहिजे, आणि ती मोजूनच. १०० दाणे न निवडता घ्यावेत. चांगले चांगले वेचले तर चाचणी स्वतःलाच फसवते. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडून गुंडाळी करून सावलीत ठेवावी, रोज पाणी शिंपडावं आणि सहाव्या-सातव्या दिवशी चांगले मोड मोजावेत. ७० किंवा जास्त आले तर एकरी ३० किलो पुरतं. ६० आले तर ३५ किलो लागतं, हे जाहिरातीतच लिहावं. त्याखाली गेलं तर ते बियाणं नव्हे, बाजारात धान्य म्हणून घालायचा माल.

उगवण मार खाते ती मळणीत. सोयाबीनचं साल पातळ असतं. हडंब्याचे (मळणी यंत्राचे) फेरे जास्त ठेवले की वरून दिसत नाही, पण आत डाळ चिरते. हार्वेस्टरनं काढलेल्या मालाचं हेच होतं. म्हणून ‘फेरे कमी ठेवून मळणी, हार्वेस्टर नाही, पोत्यांची थप्पी उंच नाही’ ही ओळ किमतीपेक्षा जास्त वाचली जाते. गोणपाटावरच्या मोडांचा, तारखेसह चिठ्ठी ठेवून काढलेला फोटो टाकला तर निम्मे प्रश्न संपतात.

कडबा शेकड्यानं विकला जातो, पण पेंढी गावागावाला वेगळी. बाजूला माणूस उभा करून गंजीचा आणि हातात धरलेल्या एका पेंढीचा असे दोन फोटो द्यावेत. वाण मालदांडी की हायब्रीड, पावसात भिजला का, टेम्पो गंजीपर्यंत जातो का, भरायचं कुणी, हे लिहावं.

ट्रॅक्टरची जाहिरात कागदांपासून सुरू करावी. नोंदणी कोणत्या कार्यालयाची (लातूर एमएच २४, नांदेड एमएच २६, अंबाजोगाई एमएच ४४), साल, किती तास चालला, आणि आरसीवर (नोंदणी पुस्तकावर) कर्जाचा बोजा आहे की उतरला. बँकेचं कर्ज फिटलं तरी बोजा आपोआप उतरतोच असं नाही. बँकेचं ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ लागतो. नावावर करायला नमुना २९ आणि ३०. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, हे बरेच जण सौदा झाल्यावर बघतात. विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं असतं. सह्या करून कोरे नमुने देऊन टाकण्याची पद्धत घातक आहे; गाडी तिसऱ्याच्या दारात जाते आणि अपघात झाला तर नोटीस पहिल्या मालकाला. तपासणीत दोन गोष्टींचा व्हिडिओ टाकावा: चालू इंजिनात आईल टाकायच्या तोंडाचं झाकण काढून धूर येतो का, आणि लिफ्टवर रोटाव्हेटर उचलून इंजिन बंद केल्यावर तो किती वेळ तसाच राहतो.

जनावरांची जाहिरात ग्रुपात कमीच चालते. देवणी किंवा लाल कंधारी जातीच्या जनावराचा फोटो लोक आवडीनं बघतात, पण बैल चालवून, दात बघून, औताला जुंपूनच घेतला जातो. हाळी-हंडरगुळीचा बाजार आणि माळेगावची यात्रा यांना पर्याय नाही. जाहिरात दिलीच तर कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक आहे एवढं लिहावं.

मोठ्या ॲपनं या गावात निराशा केली. गाव टाकलं तरी जाहिरात जिल्ह्याच्या ठिकाणाखाली दिसते, त्यामुळे पुण्या-मुंबईचे ‘शेवटचं किती’ एवढेच मेसेज येतात. ट्रॅक्टरसाठी मात्र ते ठीक आहे, कारण ट्रॅक्टर घ्यायला लोक शंभर किलोमीटर येतात. तिथली फसवणूक ठरलेल्या वळणाची: समोरचा वस्तू न बघता सांगितलेल्या किमतीला तयार होतो, स्वतःला सैन्यातला म्हणवतो, ‘पैसे टाकतो’ म्हणून क्यूआर कोड पाठवतो. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिन तर कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून गेले. तसं झालंच तर लगेच १९३० वर फोन करावा. जितका उशीर तितके पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत सरकतात.

पत्रकं एका वस्तूसाठी परवडत नाहीत. दुकान, मळणीचं किंवा रोटाव्हेटरचं भाड्याचं काम, रोपवाटिका यांना ती ठीक. पेपरवाल्याला आधीच विचारावं की पत्रक गावातल्याच अंकात जाणार की खेड्यांच्या गठ्ठ्यातही. शेतकरी गिऱ्हाईक तिकडेच असतं. भोंग्याला पोलिसांची परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे. बाजारच्या दिवशी सकाळी ११ ते २ हीच त्याची वेळ. मजकूर ४० सेकंदांपेक्षा मोठा नको, फोन नंबर दोनदा आणि सावकाश.

वेळेचं गणित सगळ्यांना लागू आहे. सोयाबीनचा पैसा हातात आला की तुषार संच आणि मोटारी उठतात. कडब्याला फेब्रुवारीनंतर गिऱ्हाईक. बियाण्याला मृगाच्या आधीचे तीन आठवडे. येळवशीच्या (वेळ अमावस्येच्या) दिवशी जाहिरात टाकू नये. सगळा तालुका रानात, कोपीजवळ भज्जी-आंबिलावर असतो.

सौदा ठरला की इसार (आगाऊ रक्कम) घ्यावा आणि चिठ्ठी करावी, ओळखीचा माणूस असला तरी. चिठ्ठीत वस्तू, एकूण किंमत, इसाराची रक्कम, माल उचलायची तारीख आणि त्या तारखेला नाही नेला तर इसाराचं काय, एवढ्या पाच ओळी. दोघांच्या सह्या, एक साक्षीदार, दोन्ही फोनमध्ये फोटो. लगेच ग्रुपात मूळ जाहिरातीलाच उत्तर म्हणून ‘इसार झाला, अमुक तारखेपर्यंत थांबा’ असं टाकावं. मागून विचारणाऱ्यांचे नंबर ओळीनं वहीत लिहून ठेवावेत. तारीख टळली तर पहिला फोन त्यातल्या पहिल्याला. माल गाडीत भरून फाट्याकडे गेला की त्याच मेसेजखाली ‘विकले’ लिहावं, त्या दिवशीच.