साडेनऊ महिने, चोवीस तास: डिचोलीतली मायनिंग रिग आणि तिचे तीन एसएमपीएस

गोव्यातल्या डिचोलीत 'मायनिंग' म्हटलं की डोळ्यांसमोर खनिजाचे ट्रक येतात. आमच्या घरात तर येतातच, बाबांचा ट्रक त्याच धंद्यात होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चपासून ट्रक दारात उभा राहिला. त्यामुळे डिसेंबर २०२१ मध्ये मी माडीवरच्या खोलीत इथेरियम या क्रिप्टोचलनाच्या मायनिंगची रिग, म्हणजे ग्राफिक्स कार्डांवर चोवीस तास आकडेमोड करून ते चलन मिळवणारा कॉम्प्युटर, उभी करायला घेतली, तेव्हा बाबांनी एकच विचारलं, "हे मायनिंग किती वर्षं चालणार रे?" मी खरं ते सांगितलं. इथेरियम प्रूफ ऑफ स्टेकवर, म्हणजे मायनिंग न लागणाऱ्या पद्धतीवर, जाणार हे ठरलंय, तारीख तेवढी ठरायची आहे. म्हणजे खर्च बेतानेच करायचा होता, आणि तो हात मी नेमका आखडला एसएमपीएसवर, म्हणजे घरातली वीज कॉम्प्युटरला लागणाऱ्या कमी व्होल्टेजमध्ये बदलून देणाऱ्या डब्यावर.

बाकीचं सामान थोडक्यात सांगतो. आरएक्स ५८० ची सहा ग्राफिक्स कार्डं, सगळी ८ जीबीची, सगळी जुनी. ४ जीबीची अर्ध्या किमतीत मिळत होती, पण इथेरियमची डॅग फाइल (मायनिंगसाठी कार्डाच्या मेमरीत मावावीच लागते ती) डिसेंबर २०२० मध्येच ४ जीबीच्या पुढे गेली होती, त्यामुळे ती घेण्यात अर्थ नव्हता. सहा स्लॉटचा जुना मदरबोर्ड, स्वस्त प्रोसेसर, ८ जीबी रॅम, पेन ड्राइव्हवर हाइव्हओएस ही मायनिंगची ऑपरेटिंग सिस्टिम. बायोसमध्ये 'अबव्ह फोर जी डीकोडिंग' चालू केल्याशिवाय सहाही कार्डं दिसेनात, त्यात एक अख्खी रात्र गेली. स्टँड सुताराकडून सागवानी पट्ट्यांचा करून घेतला. या सगळ्याबद्दल माझी काही तक्रार नाही. कार्डं प्रत्येकी ३० मेगाहॅशच्या आसपास हॅशरेट, म्हणजे मायनिंगचा वेग, देत राहिली, सहांची मिळून १८० धरा.

आता एसएमपीएस. पहिला घेतला तो 'मायनिंगसाठी खास' म्हणून ऑनलाइन विकला जाणारा, पाटीवर १८०० वॅट. किंमत चांगल्या कंपनीच्या ६५० वॅटपेक्षाही कमी. सहा कार्डांचे सहा कनेक्टर तयार, रायझरसाठी (कार्ड मदरबोर्डपासून दूर ठेवून त्याला जोडणाऱ्या छोट्या पट्टीसाठी) साटाच्या तारा तयार, सोबत साटातून सहा पिनांत बदलणारे छोटे अॅडॉप्टर. बघताना वाटतं, आपल्यासाठीच बनवलंय. पाटी मी नीट वाचली असती तर तिथेच थांबलो असतो. १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअरचा आकडाच नव्हता. रिगचा जवळजवळ सगळा भार १२ व्होल्टवर असतो, बाकीच्या व्होल्टेजना फारसं कामच नसतं. ज्या एसएमपीएसच्या पाटीवर १२ व्होल्टचे अँपिअर लिहिलेले नाहीत, तो किती वॅटचा हे कुणालाच सांगता येणार नाही. मग पाटीवर १८०० लिहा नाहीतर ३०००.

पहिले काही आठवडे चाललं. वॉटमीटर लावला तर भिंतीकडून ८६० वॅट जात होते. मला हिशेब लागेना, कारण हाइव्हओएस प्रत्येक कार्डापुढे ८०-८५ वॅटच दाखवत होतं. दोन गोष्टी नंतर कळल्या. एक म्हणजे या कार्डांत सॉफ्टवेअरला दिसणारा आकडा फक्त मुख्य चिपचा असतो. मेमरी, पंखा आणि कार्डावरचं व्होल्टेज उतरवणारं सर्किट यांनी खाल्लेली वीज त्यात धरलेली नसते. कार्ड प्रत्यक्षात १०५ च्या आसपास घेतं. दुसरी म्हणजे एसएमपीएस स्वतः किती खातो. सहा कार्डं आणि मदरबोर्ड धरून आतला भार ६९० वॅट. त्यासाठी बाहेरून ८६० लागत असतील तर कार्यक्षमता ८० टक्के. उरलेले १७० वॅट माडीवरच्या खोलीत नुसती उष्णता, आणि तीही गोव्यात, जिथे जानेवारीतही दुपारी पंखा लागतो.

जानेवारीच्या शेवटी एका रात्री दोनच्या सुमारास आईने उठवलं. "वर काहीतरी करपतंय, उठ बघू." रिग चालूच होती, सगळे पंखे फिरत होते, पडद्यावर सहाही कार्डं हिरवी. वास मात्र स्पष्ट होता, प्लास्टिकचा, नाकात बसणारा. हात फिरवत गेलो तर तिसऱ्या रायझरच्या साटा कनेक्टरला बोट टेकवेना. मुख्य बटण बंद केलं आणि कनेक्टर ओढला, तर तो अॅडॉप्टरला चिकटलेला. ओढून काढल्यावर दिसलं की पांढरं प्लास्टिक एका बाजूला भाजलेल्या काजूसारखं तपकिरी झालंय, आणि पिवळ्या तारेच्या शेजारच्या पिना प्लास्टिकसकट वाकून एकमेकींच्या जवळ आल्यात. आणखी आठवडाभराने त्या टेकल्याच असत्या. वर लाकडी माळा आहे, त्याच्यावर मंगलोरी कौलं. त्या रात्री आम्ही कुणीच परत झोपलो नाही.

याचं कारण साधं आहे, आणि रिग बांधणाऱ्या प्रत्येकाला ते पाठ असायला हवं. साटा कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, एकेक दीड अँपिअरची. तीन मिळून साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. रायझरमधून कार्ड ७५ वॅटपर्यंत मागू शकतं. माझी कार्डं एवढं मागत नव्हती, पण हलक्या प्रतीच्या पिना, चोवीस तासांचा भार आणि बंद खोली एकत्र आल्यावर ५४ ही लांबची गोष्ट राहते. साटा हार्ड डिस्कसाठी आहे. रायझरला साटा लावू नका. अॅडॉप्टर पाकिटात फुकट आला असेल तर तो त्याच दिवशी कचऱ्यात टाका.

फेब्रुवारीत दोन नवे घेतले. एक कॉर्सेअरचा आरएम८५०एक्स, दुसरा ६५० वॅटचा, दोन्ही ८० प्लस गोल्ड, म्हणजे चांगल्या कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र असलेले. लोक विचारतात, एकच १००० का नाही घेतला? भार ६९० असताना १००० वॅटचाही चालला असता. पण या मंडळींची कार्यक्षमता निम्म्या भाराच्या आसपास सर्वांत चांगली असते. शिवाय चोवीस तास चालणाऱ्या यंत्राला मोकळा श्वास हवा, आणि मला असंही वाटत होतं की एक बिघडला तर निम्मी रिग तरी चालू राहील. ८५० वर मदरबोर्ड आणि तीन कार्डं, ३७५ वॅट. ६५० वर उरलेली तीन, ३१५ वॅट. दोघेही पन्नास टक्क्यांच्या जरा खाली. वॉटमीटरने त्याच कामासाठी ७६५ दाखवले. ८६० च्या जागी ७६५. चोवीस तास ९५ वॅटची बचत म्हणजे महिन्याला ६८ युनिट, आणि स्लॅबच्या वरच्या टोकाची ही युनिटं असल्याने बिलात ती ठळक दिसली.

दोन एसएमपीएस एकत्र चालू होण्यासाठी दीडदोनशे रुपयांचा छोटा बोर्ड मिळतो. पहिल्याचं १२ व्होल्ट आलं की तो दुसऱ्याची हिरवी तार काळीला जोडतो आणि दुसरा जागा होतो. यात एकच नियम कधी मोडू नका: कार्ड आणि त्याचा रायझर एकाच एसएमपीएसवर. कार्ड एकावर आणि रायझर दुसऱ्यावर ठेवला की दोन वेगळ्या १२ व्होल्टची गाठ त्या कार्डात पडते, आणि एक आधी बंद झाला तर त्रास कार्डाला. रायझरसाठी जिथे पीसीआयईची (ग्राफिक्स कार्डांना वीज देणारी) सहा पिनांची टोकं उरली तिथे ती लावली, बाकीच्यांना मोलेक्स (चार पिनांचा मोठा कनेक्टर), एका तारेवर दोनच.

आता जे गोव्यात जास्त महत्त्वाचं आहे त्याकडे येतो, ते म्हणजे अर्थिंग. नवे एसएमपीएस लावल्यावर त्यांच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या यायच्या. मला वाटलं नवा मालही बिघडलेला. आमच्या वायरमनने मल्टिमीटर लावला, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये ३८ व्होल्ट. सॉकेट उघडून त्याने आतला काळवंडलेला टर्मिनल दाखवला. "लासला हो बघ. आनी अर्थिंग खंय आसा?" तार होती, पण ती घराच्या मागे जांभ्यात वीतभर ठोकलेल्या सळीला. जांभा दगड पावसाळ्यानंतर दोन महिन्यांत कोरडा ठणठणीत होतो, त्यातून वीज जमिनीत जाणार कशी? एसएमपीएसच्या आत गोंगाट गाळण्यासाठी जे कपॅसिटर असतात ते थोडा प्रवाह पत्र्याकडे सोडतात, आणि अर्थिंग धड असेल तर तो निमूट जमिनीत जातो. म्हणजे एसएमपीएस बरोबर होता, घर चुकत होतं. न्हाणीचं पाणी जिथे माडाच्या मुळाशी जातं तिथे नवा खड्डा केला, कोळसा आणि मीठ घालून तांब्याची सळी उतरवली. व्होल्टेज दोनच्या खाली आलं. सोबत १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट, चांगली जाड तार आणि सी प्रकारचा एमसीबी. आधीचा एमसीबी लाईट परत आली की पडायचा, कारण सुरू होतानाच्या क्षणी एसएमपीएस मोठा झटका ओढतात. या सगळ्याला जेवढा खर्च आला तेवढ्यात आणखी एक जुनं कार्ड आलं असतं. तरी तो मी सगळ्यात आधी करायला हवा होता.

पावसाळ्यात आमच्याकडे लाईट जाते हे सांगायला नको. जाते त्याचं काही नाही, येते तेव्हा कशी येते हे बघा. जूनमध्ये एका संध्याकाळी दहा मिनिटांत चार वेळा गेली-आली. चांगले एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यामुळे रात्री १९० वर उतरलेल्या व्होल्टेजचं त्यांना काही वाटत नाही, साधा स्टॅबिलायझर फुकट आहे. धोका वरच्या टोकाचा आणि या लपंडावाचा. त्यासाठी एसीला लावतात तसला, तीन मिनिटं थांबून मग वीज सोडणारा आणि जास्त व्होल्टेजला तोडणारा गार्ड लावला. त्यानंतर पावसाळाभर एकही पंखा, एकही रायझर वीज आल्यामुळे गेला नाही. रिगला घरगुती यूपीएस लावायच्या भानगडीत पडू नका. एवढा भार त्याला पेलत नाही, आणि स्वस्त यूपीएसच्या खडबडीत लाटेवर हे एसएमपीएस कुरकुरतात.

दमटपणाची मला सगळ्यात जास्त भीती होती. अनुभव उलटा आला. चालू रिग गरम असते, तिच्यावर ओल बसत नाही. बसते ती बंद केल्यावर. ३१ ऑगस्टला चवथ होती, घर पाहुण्यांनी भरलेलं, माडीवर झोपायची सोय करायची म्हणून रिग पाच दिवस बंद ठेवून चादरीने झाकली. सुरू केली तेव्हा दोन कार्डं गायब. रायझरच्या सोनेरी पट्ट्यांवर धुरकट थर आला होता. पेन्सिलचं खोडरबर फिरवून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं आणि दोन्ही परत आली. मोरजीला समुद्राजवळ रिग ठेवणाऱ्या मित्राच्या कार्डांच्या पट्ट्या तर एका पावसात गंजल्या. किनाऱ्याजवळ राहत असाल तर जुनं कार्ड घेताना तेवढं आधी बघा.

मिळकतीचं फार सांगत नाही, कारण तो भाग संपला आहे. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या कमाईवर तीस टक्के कर आला. रिगचा आणि विजेचा खर्च त्यातून वजा करता येत नाही हे सरकारने संसदेत स्पष्ट केलं होतं. १ जुलैपासून विक्रीवर एक टक्का टीडीएस. आणि १५ सप्टेंबरला दुपारी बारा वाजून बारा मिनिटांनी इथेरियमचं मायनिंग थांबलं. मी आणि बाबा तेव्हा माडीवरच होतो. हॅशरेट शून्यावर आला, मग एकेका कार्डाचा पंखा उतरत गेला. बाबा वॉटमीटरकडे बघत होते. ७६५ चे ३०० च्या खाली आले तेव्हा ते म्हणाले, "निदान याची तारीख तरी आधी कळली होती." रेव्हनकॉइन हे दुसरं क्रिप्टोचलन दोन दिवस चालवून बघितलं, विजेचेही पैसे सुटेनात. कार्डं विकली.

एसएमपीएस विकले नाहीत. ८५० वर आता माझा व्हिडिओ एडिटिंगचा पीसी चालतो. साडेसात महिने जवळजवळ अखंड चालूनही १२ व्होल्ट भरल्या भारात १२.०५ च्या आसपास दाखवतो, आणि हलक्या कामात त्याचा पंखा फिरतही नाही. त्याची वॉरंटी दहा वर्षांची आहे. ६५० चा पंखा मे महिन्यात थोडा घरघरायला लागला होता. तांबडी धूळ साफ केल्यावर थांबला, पण पुन्हा घेतला तर दोन्ही ८५० चेच घेईन, ३१५ वॅटवरही तो मोठ्यापेक्षा बराच जास्त तापायचा. तो बहिणीच्या कॉम्प्युटरला दिला.

देताना एक गोष्ट तिला बजावून सांगितली, तुम्हालाही सांगतो. मॉड्युलर एसएमपीएसच्या तारा एकमेकांत बदलू नका. कार्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळी असते, आणि तरी तार बिनबोभाट आत बसते. मोरजीच्याच मित्राने एका कंपनीची साटा तार दुसऱ्याच्या एसएमपीएसला लावली आणि त्याची एसएसडी बटण दाबताक्षणी गेली, लग्नाच्या फोटोंसकट. माझ्याकडे दोन वेगळ्या पिशव्या आहेत, वर मार्करने ८५० आणि ६५० लिहिलेल्या, आणि प्रत्येक तारेच्या टोकाला त्याच आकड्याची चिकटपट्टी.