माणकाशेजारी हिरवं काय बसवावं: पाचू की सावोराइट?

लाल-हिरवं करायचं हे पक्कं झालंय, माणिक पसंत पडलंय, आणि आता हिरव्या खड्यावरून घरात दोन तट पडलेत, अशांसाठी हे लिहितोय. आमच्याकडे दोन्ही आहेत. बायकोच्या पेंडंटमध्ये माणकाबरोबर पाचू आहे, मुलीच्या टॉप्समध्ये माणकाभोवती सावोराइट. दोन्ही १८ कॅरेट सोन्यात आणि मागून उघड्या कोंदणात. तरी तुलना अगदी काट्यावरची नाही, कारण गळ्यातल्या दागिन्यावर आणि कानातल्यावर उजेड सारखा पडत नाही. तेवढी सूट द्या.

पेरिडॉटही सुचवला जातो. तो स्वस्त आहे, गोड आहे, पण माणकाशेजारी पोपटी दिसतो आणि माणिक उगाच गडद वाटायला लागतं. जांभळ्या अ‍ॅमेथिस्टजवळ हाच पेरिडॉट खुलतो, तेव्हा तो तिकडे ठेवू या.

सावोराइट म्हणजे हिरवा गार्नेट. तो १९६७ मध्ये टांझानियात सापडला, नंतर केनियातही मिळाला. तिथल्या त्सावो राष्ट्रीय उद्यानावरून १९७४ मध्ये टिफनी कंपनीनं त्याला हे नाव दिलं. गार्नेट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काळपट लालच येतो, म्हणून दुकानात सहसा मागितल्याशिवाय कुणी दाखवत नाही. पाचूला त्याचा हिरवा रंग क्रोमियम आणि व्हॅनेडियममुळे येतो आणि सावोराइटलाही त्याच दोघांमुळे. म्हणून रंगात दोघं इतके जवळ जातात.

लाल आणि हिरवा एकमेकांना उठाव देतात, हे पैठणी नेसणाऱ्याला सांगायला नको. हिरव्या अंगाला लाल काठ का शोभतो? लाल थोडा आणि हिरवा जास्त, म्हणून. दागिन्यातही एकाला पुढे आणि दुसऱ्याला मागे ठेवावं लागतं. सारख्या आकाराचे लाल-हिरवे खडे एकाआड एक लावले की सिग्नल दिसतो. शेवरल या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं शेजारच्या रंगांचा हा परिणाम १८३९ मध्येच मांडून ठेवला होता: विरोधी रंग शेजारी आले की दोन्ही अधिक तीव्र भासतात. त्यामुळे सुटा बघताना जेमतेम वाटणारा हिरवा खडा माणकाजवळ ठेवल्यावर भडक होऊ शकतो. माणिक बरोबर घेऊन जा आणि हिरवा त्याच्या शेजारी ठेवूनच निवडा, हा सल्ला दोन्ही खड्यांना लागू.

झाक जुळवणंही महत्त्वाचं. हल्ली बाजारात माणकं पुष्कळशी मोझांबिकची असतात. त्यातल्या गुलाबीकडे झुकणाऱ्याजवळ किंचित निळसर हिरवा बरा दिसतो. झांबियाचा पाचू असाच निळसर असतो, कोलंबियाचा जास्त उबदार. इथे पाचूच्या बाजूनं एक गोष्ट मोकळेपणानं सांगायला हवी. त्याच्या हिरव्यात एक मऊपणा असतो. आतल्या बारीक रेघा, डाग, धुकं, सगळं मिळून रंग मखमली होतो. सावोराइट तसा नाही. तो स्वच्छ असतो, लखलखीत असतो, आणि काहींना ‘काचेसारखा’ वाटतो. माझ्या सासूबाई त्या काहींपैकीच.

पण शेजारी माणिक आहे हे विसरू नका. माणकाचा अपवर्तनांक, म्हणजे खडा उजेड किती वाकवतो त्याचं माप, १.७६ च्या आसपास, सावोराइटचा १.७४, पाचूचा १.५७ ते १.५८. आकड्यांचं सोडा, डोळ्यांना काय दिसतं ते बघा. मान हलली की माणिक चमकतं आणि पाचू शांत राहतो. टॉप्समध्ये लाल आणि हिरवा बरोबरच चमकतात. कुणाला पाचूचा तो शांतपणाच हवा असेल, आणि त्यात काही चूक नाही. मला मात्र पेंडंटमध्ये एक खडा जागा आणि एक झोपलेला वाटतो, विशेषतः कार्यालयातल्या संध्याकाळच्या पिवळट दिव्यात. भर दुपारी खिडकीजवळ पाचू सरस दिसतो, हेही खरं.

इथपर्यंत मी दोघांना साधारण सारखेच गुण दिले असते. पारडं झुकलं ते धुण्यावरून.

रोज वापरायच्या दागिन्यावर काय काय बसतं बघा: घाम, खोबरेल, सनस्क्रीन, पावडर, साबण. उघड्या कोंदणात हे सगळं खड्याच्या पाठीला साय धरल्यासारखं जमतं आणि उजेड आत जाऊन परत यायचा मार्गच बंद होतो. माणिक तर लगेच मंदावतं. त्यावर उपाय सोपा असतो: कोमट पाणी, रिठा किंवा साधा साबण, मऊ ब्रश, आणि वर्षातून एकदोनदा सराफाकडचं अल्ट्रासोनिक मशीन. पण शेजारी पाचू असला की हा उपाय निम्मा बाद. बाजारातल्या बहुतेक पाचूंच्या बारीक चिरांमध्ये तेल भरलेलं असतं, परंपरेनं सीडरचं, हल्ली कधी कृत्रिम रेझिन. ही फसवणूक नाही, जुनी आणि मान्य रीत आहे, फक्त बिलावर लिहिलेली असावी. पण गरम पाण्यानं, तीव्र साबणानं आणि मशीनच्या कंपनांनी ते तेल निघतं, आणि आधीची चीर वाढूही शकते.

म्हणून दर वेळी काउंटरवर सांगायचं, ‘पाचू आहे हो, मशीनला घालू नका.’ समोरचा मान डोलावतो, दागिना आत जातो, आतल्या माणसाला कुणी काही सांगत नाही. एकदा पेंडंट परत आलं तेव्हा माणिक नवं झालं होतं आणि पाचूमध्ये पांढरे केस उगवले होते. तुटलं काही नव्हतं, फक्त तेलानं झाकलेल्या चिरा उघड्या पडल्या होत्या. पुढे पाचू काढून जयपूरला पाठवला, परत तेल दिलं गेलं, तो पुन्हा छान दिसायला लागला. तेव्हापासून पेंडंट घरीच, गार पाण्यात, बोटानं चोळून धुतलं जातं. म्हणजे पाचूच्या पथ्यापायी माणिकही अर्धवट मळकं. दोन खडे एका सोन्यात बसवले की नाजूक खड्याचे नियम दुसऱ्यालाही पाळावे लागतात, आणि रंग जुळवताना ही गोष्ट दुकानात कुणी काढत नाही.

गंमत अशी की कागदावर, म्हणजे मोहसच्या कठीणपणाच्या मापावर, पाचू जास्त कठीण आहे: ७.५ ते ८, आणि सावोराइट ७ ते ७.५. पण ओरखडा न पडणं वेगळं आणि न चिरणं वेगळं. सावोराइटला सहसा तेल नाही, भट्टी नाही. जमिनीतून निघतो तसा पैलू पाडून विकला जातो. खड्यात मोठी चीर नसेल तर टॉप्स बिनधास्त मशीनमध्ये जातात आणि लाल-हिरवं दोन्ही उजळून येतं. एक अट माणकाची: त्यात काच भरलेली नसावी. शिशाची काच भरलेली माणकं स्वस्तात मिळतात आणि लिंबाच्या रसानंसुद्धा खराब होतात. ‘हीटेड’, म्हणजे नुसतं भट्टीत तापवलेलं, चालेल, ‘ग्लास फिल्ड’ नको.

सावोराइटच्या विरुद्धही बरंच आहे. दोन कॅरेटच्या पुढचा चांगला खडा दुर्मीळ, आणि मिळालाच तर किंमत झपाट्यानं चढते. मोठा हिरवा मधोमध आणि भोवती छोटी माणकं अशी रचना मनात असेल तर पाचूकडेच जावं लागेल, निदान सामान्य खिशाला. बुधासाठी म्हणून खडा घालायचा असेल तर ज्योतिषी सावोराइट मान्य करण्याची शक्यता फार कमी. आणि मोडीच्या वेळी गल्लीतला सराफ त्याचे काही देईल असं धरू नका. पाचू निदान त्याला ओळखू तरी येतो.

शिवाय दागिन्यात मोती असतील, म्हणजे नथ, तन्मणी, चिंचपेटी, मोत्यांच्या कुड्या, तर माझा सगळा युक्तिवाद गळून पडतो. मोतीही मशीनमध्ये जात नाहीत, साबणाचं त्यांनाही वावडं. पथ्य पाळायचंच आहे तर पाचू का नको? तिथे त्याचा मऊ हिरवा मोत्याच्या पांढऱ्याजवळ फार देखणा दिसतो, आणि हे दागिने सणावारीच निघतात. रोज घालायची अंगठी, टॉप्स, छोटं पेंडंट असेल तर मात्र मी सावोराइटकडे झुकेन. तुमच्या घरी दागिना निगुतीनं कोण वापरतं, कोण आंघोळीतही काढत नाही, ते तुम्हालाच ठाऊक.

घेताना वजनावर जोडी जमवू नका. माणकाची घनता ४ च्या आसपास, सावोराइटची ३.६, पाचूची २.७. म्हणून एक कॅरेटचा पाचू एक कॅरेटच्या माणकापेक्षा डोळ्यांना मोठा दिसतो आणि पुढे कोण, मागे कोण हा हिशेब बिघडतो. मापं मिलिमीटरमध्ये मागा. लाल आणि हिरव्याच्या मध्ये सोन्याची बारीक रेघ किंवा एखादा हिरा येऊ द्या. खडे दुकानाच्या पांढऱ्या दिव्याखाली बघून झाले की दारात नेऊन बघा. पुदिन्यासारखा फिका सावोराइट दुकानात ताजातवाना वाटतो, माणकाशेजारी अगदी निस्तेज पडतो. एक छटा गडद घ्या. आणि बिलावर नुसतं ‘ग्रीन स्टोन’ लिहू देऊ नका. सावोराइट असेल तर ‘नैसर्गिक ग्रॉस्युलर गार्नेट’ (ग्रॉस्युलर म्हणजे गार्नेटची सावोराइट ज्यात मोडतो ती जात), पाचू असेल तर तेल आहे की रेझिन, हे प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रासह लिहून घ्या.