राजारामपुरीतला सीईटी गणिताचा क्रॅश कोर्स: युक्त्या चांगल्या, अटी गायब

बारावीची बोर्डाची परीक्षा संपत आली की कोल्हापुरात राजारामपुरीच्या गल्ल्यांत क्रॅश कोर्सचे फलक दिसायला लागतात. त्यातल्याच एका क्लासच्या फक्त गणिताच्या बॅचचा हा रिव्ह्यू. नाव मुद्दाम देत नाही. इथं जे खटकलं ते इतरही बऱ्याच ठिकाणी चालतं, आणि जे आवडलं ते पालकांनी कुठल्याही क्लासकडे हक्कानं मागावं असं आहे.

आधी जमेची बाजू. एमएचटी-सीईटीत, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेशपरीक्षेत, गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, वेळ ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला १ मिनिट ४८ सेकंद. फिजिक्स-केमिस्ट्रीची ९० मिनिटं वेगळी असतात, तिथं वाचलेला वेळ गणिताला मिळत नाही. या कोर्समध्ये पहिलं लेक्चर या हिशोबावरच जातं आणि पेपर तीन फेऱ्यांत सोडवायला शिकवतात. पहिली फेरी ३५ मिनिटांची: लॉजिक, मॅट्रिक्स, एलपीपी (लिनिअर प्रोग्रॅमिंग), बायनॉमियल डिस्ट्रिब्यूशन, व्हेक्टर्सचे सरळ प्रश्न. प्रश्न वाचून वीस सेकंदांत रस्ता सुचला नाही तर पुढं जायचं, हा नियम. दुसरी ४० मिनिटांची: इंटिग्रेशन, डेरिव्हेटिव्हचे उपयोग, लाइन अँड प्लेन. तिसरी १२ मिनिटांची, अर्धवट राहिलेल्यांसाठी. उरलेल्या ३ मिनिटांत एकही प्रश्न रिकामा ठेवायचा नाही, कारण निगेटिव्ह मार्किंग नाही. आठ प्रश्न नुसत्या अंदाजानं भरले तरी सरासरी दोन बरोबर येतात, म्हणजे ४ गुण. ही शिस्त खरोखर चांगली घोटून घेतात. प्रत्येक टेस्टनंतर कुठल्या फेरीत किती वेळ गेला हे पोरांना लिहून काढायला लावतात. नुसते गुण बघण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त.

लॉजिकच्या प्रश्नात पूर्ण ट्रुथ टेबल न मांडता एकच ओळ घेऊन पर्याय उडवणं, ऑर्डर ३ च्या मॅट्रिक्सचा डिटरमिनंट ३ दिला की अॅडजॉइंटचा डिटरमिनंट थेट ९ लिहिणं, हेही नीट शिकवलंय. त्यावर जास्त बोलण्यासारखं नाही.

खरी अडचण पुढं आहे. मॉड्यूलमध्ये, म्हणजे क्लासच्या छापील नोट्समध्ये, शॉर्टकट भरपूर, पण तो कधी लागू पडतो आणि कधी फसवतो, हे जवळपास कुठंच छापलेलं नाही.

इंटिग्रेशन घ्या. अंशात एक्स गुणिले ई-रेज-टू-एक्स, छेदात (१ + एक्स) चा वर्ग. मॉड्यूल सांगतं: पर्यायांचं डेरिव्हेटिव्ह काढा, एक्सला ० घाला, मूळ फंक्शनशी जुळवा. पद्धत बरोबर आहे. मूळ फंक्शनची किंमत शून्याला ० येते. पर्यायात अंशावर जादा एक्स असेल तर त्याच्या डेरिव्हेटिव्हची किंमत १ येते, तो गेला. छेदात वर्ग असलेल्या पर्यायाची −१ येते, तोही गेला. उरले दोन: ई-रेज-टू-एक्स भागिले (१ + एक्स), आणि तेच वजा चिन्हासह. दोघांचीही किंमत ०! शून्याला चिन्ह कळतच नाही. इथं एक्सला १ घालायचं: मूळ किंमत ई भागिले ४, धन. मग वजावाला पर्याय बाद होतो. म्हणून मूळ फंक्शनची किंमत जिथं ० येते ती संख्या चाचणीला घ्यायचीच नाही. ही एक ओळ मॉड्यूलमध्ये असती तर कित्येक पोरांचे २ गुण वाचले असते.

डेफिनिट इंटिग्रलचंही तसंच. अंशात रूट एक्स, छेदात रूट एक्स अधिक रूट (९ − एक्स), मर्यादा २ ते ७. उत्तर मर्यादांच्या फरकाच्या निम्मं, ५/२. हे चालतं कारण २ आणि ७ ची बेरीज ९ आहे. मर्यादा २ ते ६ केल्या की बेरीज ८ होते आणि शॉर्टकट मोडतो, तरी पोरं डोळे झाकून २ लिहितात. आणि पर्यायांत तो २ असतोच. बेरीज तपासायला तीन सेकंद पुरतात.

ट्रिगोनोमेट्रीच्या जनरल सोल्यूशनमध्ये किंमत घालून बघणं आणखी धोक्याचं. साइन २थीटा = कॉस थीटा या समीकरणात थीटा = एनπ + (−१) चा एन घात गुणिले π/६ हा पर्याय प्रत्येक वेळी बसतो, पण π/२ हे उत्तर त्यात येतच नाही. बसणारा पर्याय अपुरा असू शकतो. अशा प्रश्नात कॉस थीटानं दोन्ही बाजूंना भागायचं नाही, तो कॉमन काढायचा. सरांनी फळ्यावर हे नीट सांगितलं, पण छापील मॉड्यूलमध्ये त्याचा पत्ता नाही, आणि घरी पोरं मॉड्यूलच उघडतात.

दुसरी उणीव टेस्टची. इथल्या टेस्ट कागदावर होतात, परीक्षा मात्र कॉम्प्युटरवर. स्क्रीनवरून आकडे रफ कागदावर उतरवताना चिन्ह गळतं, हा कॉम्प्युटर टेस्टचा नेहमीचा घोटाळा. शिवाय पर्याय निवडून ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ न दाबता पॅलेटवरून (स्क्रीनवरच्या प्रश्नक्रमांकांच्या चौकटीवरून) थेट दुसऱ्या प्रश्नावर गेलं की उत्तर नोंदलं जात नाही. तीन फेऱ्यांची पद्धत वापरणाऱ्यांना पॅलेट सतत लागतं, त्यामुळं त्यांनाच याचा फटका जास्त. ज्या क्लासनं फेऱ्या शिकवल्या त्यानंच कॉम्प्युटरवर सराव द्यायला हवा होता.

अकरावीकडेही दुर्लक्ष आहे. त्यावर सुमारे २० टक्के, म्हणजे १० प्रश्न, २० गुण. सर्कल, कॉम्प्लेक्स नंबर्स, परम्युटेशन-कॉम्बिनेशन हे भाग शेवटच्या आठवड्यात घाईनं उरकले जातात. सांगलीच्या वालचंद किंवा पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजांत नंबर लागावा अशी इच्छा असेल, तर हे २० गुण सोडून भागत नाही.

बाकी बसायची व्यवस्था ठीक, डाऊट सेशनला सर वेळ देतात. मात्र संध्याकाळची बॅच रेंगाळते, त्यामुळं कागल-गडहिंग्लजकडून एसटीनं येणाऱ्यांनी सकाळचीच घ्यावी.

पाठ्यपुस्तकातली उदाहरणं एकदा पूर्ण झाली असतील तर हा कोर्स वेग वाढवायला उपयोगी आहे. इंटिग्रेशनची मूळ सूत्रंच कच्ची असतील तर ही फी इथं भरू नका, आधी बारावीच्या पुस्तकाचा दुसरा भाग हातात घ्या. प्रवेश घ्यायचाच असेल तर पैसे भरण्याआधी मॉड्यूल मागून इंटिग्रेशनचं प्रकरण चाळा आणि कॉम्प्युटरवर किती टेस्ट देणार ते लेखी घ्या.