१० जी एलआर एसएफपी प्लस मॉड्यूल: वापरल्यानंतरचं मत

दोन इमारतींमधल्या सिंगल मोड फायबरवर (लांब पल्ल्याची काचेची तार) हे मॉड्यूल लावलंय, म्हणजे नेटवर्क स्विचच्या पोर्टमध्ये बसणारं, सेकंदाला १० गिगाबिट डेटा प्रकाशाच्या रूपात पाठवणारं छोटं यंत्र, आणि मी मनापासून खूश आहे. १३१० नॅनोमीटर तरंगलांबी, १० किलोमीटरपर्यंतचा पल्ला, एलसी डुप्लेक्स (दोन फायबरचा छोटा कनेक्टर). सगळ्यात आवडलं ते डीडीएम, म्हणजे मॉड्यूलने स्वतःची स्थिती मोजून दाखवायची सोय. तापमान, लेझरचा बायस करंट (लेझर चालवणारा विद्युतप्रवाह), येणारी-जाणारी ऑप्टिकल पॉवर, सगळं स्विचवरच दिसतं. एका टोकाला येणारी पॉवर उणे १३ डीबीएमवर घसरलेली दिसली (डीबीएम हे पॉवरचं एकक; उणे आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी). मानकात किमान उणे १४.४, म्हणजे लिंक चालू, पण अगदी काठावर. कनेक्टरचं टोक साफ केलं आणि आकडा उणे ५ वर आला. मॉड्यूल बदलायची गरजच पडली नाही! धुळीची टोपी मात्र फार सैल बसते, हे खटकलं. मागवताना आपल्या स्विचसाठीचं कोडिंग (स्विचला मॉड्यूलची ओळख पटवणारी, आत भरलेली माहिती) आठवणीने सांगा. काही स्विच अनोळखी मॉड्यूल दिसलं की पोर्टच बंद ठेवतात.