निदानाला आयसीडी कोड जुळवताना: अक्षरं, तुकडे की एम्बेडिंग?

डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला आयसीडी-१० चा (जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाचा) कोड आपोआप जुळवायचा तर मुख्य पर्याय तीन: अक्षरांतला फरक मोजणं, तीन-तीन अक्षरांचे तुकडे टीएफ-आयडीएफने (दुर्मिळ तुकड्याला जास्त, सर्रास येणाऱ्याला कमी वजन देऊन) तोलणं किंवा एम्बेडिंग, म्हणजे मजकुराचा अर्थ आकड्यांच्या यादीत मांडून जवळचे अर्थ शोधणं.

लेव्हेनश्टाइन अंतर, म्हणजे एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं बदलावी, घालावी वा गाळावी लागतात तो आकडा, सगळ्यात सोपं. टायपिंगच्या चुका ते छान पकडतं. पण वैद्यकात एवढ्याशा फरकाने आजारच बदलतो. हायपरथायरॉइडिझम (थायरॉइड ग्रंथी अतिसक्रिय होणं) घ्या. इंग्रजी स्पेलिंगमध्ये हायपोथायरॉइडिझमशी त्याचा फरक दोनच अक्षरांचा, म्हणजे साम्य सुमारे ८७ टक्के. त्यात योग्य कोडचं, ई०५.९ चं, शीर्षक आहे थायरोटॉक्सिकोसिस. हायपरथायरॉइडिझम हा शब्द त्याखालच्या समावेश-नोंदीत, म्हणजे त्याच कोडात मोडणाऱ्या इतर नावांच्या यादीत, येतो. नुसत्या शीर्षकांशी ताडून पाहिलं, तर नेमका उलट आजार, हायपोथायरॉइडिझमचा ई०३.९, भरघोस गुण घेऊन वर येतो.

म्हणून आधी यादी नीट करा: शीर्षकांसोबत समावेश-नोंदी आणि आयसीडी-१० च्या तिसऱ्या खंडातली वर्णानुक्रम सूचीही घ्या. अल्गोरिदम बदलण्यापेक्षा याने जास्त फरक पडतो, असं माझं ठाम मत आहे.

टीएफ-आयडीएफला शब्दांचा क्रम उलटसुलट झालेला चालतो, हजारो कोड झटपट चाळून होतात आणि 'अनस्पेसिफाइड'सारख्या जागोजागी येणाऱ्या शब्दाचं वजन आपोआप घटतं. मात्र 'हार्ट अटॅक' आणि 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' ही एकाच आजाराची नावं असूनही त्यांत सामाईक तुकडा जवळपास नाहीच, तिथे ते हात टेकतं.

तिथे एम्बेडिंग हवं. यूएमएलएस या वैद्यकीय संज्ञांच्या संग्रहातल्या समानार्थी नावांवर शिकवलेलं सॅपबर्ट हे भाषा-मॉडेल अशा जोड्या ओळखतं. पण टाइप १ आणि टाइप २ मधुमेह (ई१० आणि ई११), डावं-उजवं, 'न्यूमोनिया आहे' आणि 'न्यूमोनिया नाही' हेही त्याला जवळजवळचेच वाटू शकतात. शिवाय अमुकच कोड का आला, हे तपासणाऱ्याला समजावणं कठीण जातं.

नोंदी औपचारिक भाषेत असतील तर टीएफ-आयडीएफ पुरे. बोलीभाषा जास्त असेल तर जोडीला एम्बेडिंग घ्या. लेव्हेनश्टाइन फक्त सुट्या शब्दांचं स्पेलिंग सुधारायला ठेवा. कुठलीही पद्धत घेतलीत तरी आकडा, बाजू, हायपो-हायपर आणि नकार यांची तपासणी वेगळ्या नियमांनी करा. यातलं काही जुळत नसेल तर गुण कितीही असोत, तो कोड बाद. 'एमआय'सारखी लघुरूपं विभाग पाहून उलगडा, कारण त्याचा अर्थ मायोकार्डियल इन्फार्क्शन तसाच मायट्रल इन्सफिशियन्सी (हृदयाची झडप गळणं) असाही होतो. विभागावरूनही उलगडा होत नसेल तर नोंद कोडरकडे, म्हणजे हाताने कोड देणाऱ्या माणसाकडे, पाठवा.

शेवटी, गुणांची मर्यादा ठरवताना हाताने कोड दिलेल्या स्वतःच्या नोंदी वापरा आणि मर्यादेच्या वर राहूनही चुकलेले कोड एकेक करून वाचा.