मंडळाच्या कार्यक्रमांसाठी पब्लिक लायबिलिटी पॉलिसी: अकरा महिन्यांनंतर

अंबाजोगाईत आमचं एक छोटं नाट्य आणि लोककला मंडळ आहे. सभासद बावीस, बँकेत शिल्लक कधी साठ हजारांच्या वर गेली नाही, आणि खजिनदार मी. वर्षाला पाच-सहा कार्यक्रम होतात: गणपतीत एकांकिका, १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनी शाळेतल्या पोरांचं काहीतरी, नवरात्रात भारूड, कोजागरी, दिवाळी पहाट, २७ फेब्रुवारीला कवितांचं वाचन. तिकीट नसतं. वर्गणी आणि चार दुकानदारांचे फ्लेक्स, एवढ्यावर भागतं.

पब्लिक लायबिलिटी, म्हणजे कार्यक्रमात बाहेरच्या कुणाला इजा झाली तर आपल्यावर येणाऱ्या भरपाईचा विमा. तो काढायचं डोक्यात आलं ते आमच्यातल्या एका वकील सभासदामुळे. बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "काही झालं तर मांडववाला बघून घेईल, आपण कशाला?" त्यावर वकिलांनी मेरठचं प्रकरण सांगितलं. एप्रिल २००६मध्ये तिथल्या व्हिक्टोरिया पार्कातल्या ग्राहक मेळ्यात मांडवाला आग लागून ६५ माणसं गेली. आयोजकांचं म्हणणं हेच होतं की मांडव ठेकेदाराचा, जबाबदारी त्याची. सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये ते मानलं नाही. भरपाईचा ६० टक्के भार आयोजकांवर आणि ४० टक्के सरकारवर टाकला. बैठक थोडा वेळ गप्प झाली, मग चहा आला.

पॉलिसी मिळवायला तीन आठवडे गेले. एका एजंटाने सांगितलं की १९९१च्या कायद्याने हा विमा सक्तीचाच आहे. तसं नाही. तो कायदा भोपाळच्या वायुगळतीनंतर आला आणि घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे. भारुडाशी त्याचा संबंध नाही. दुसऱ्याने थेट मोठ्या इव्हेंटची पॉलिसी पुढे केली, त्यात कलाकार आला नाही तर भरपाई वगैरे. आमचा कलाकार म्हणजे शेजारच्या गल्लीतला मास्तर, तो येणार नाही तर जाईल कुठे? शेवटी एका कंपनीच्या शाखेतून वर्षाची पॉलिसी घेतली. मर्यादा एका अपघाताला १० लाख आणि वर्षभरात मिळूनही १० लाखच. प्रीमियम ७,२००, वर १८ टक्के जीएसटी १,२९६, एकूण ८,४९६ रुपये. एक्सेस १०,०००, म्हणजे प्रत्येक दाव्यातले पहिले दहा हजार आपल्या खिशातून. धर्मादाय कार्यालयातली नोंदणी होती म्हणून पॉलिसी मंडळाच्या नावाने निघाली. आमच्याच गावातल्या दुसऱ्या एका मंडळाची नोंदणी नव्हती. त्यांना कुणातरी एकाच्या नावाने काढा म्हणाले, आणि तो एक कोण यावरच त्यांचं बिनसलं.

कोजागरीच्या रात्री आमच्या पॉलिसीची परीक्षा झाली. पटांगणाच्या कडेने जनरेटरची केबल टाकली होती, वर काही झाकलं नव्हतं. दूध वाटताना हॅलोजन बंद केले, चांदणं दिसावं म्हणून. नऊ-चाळीसला एक मावशी केबलला अडखळून पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. मी आणि सचिव त्यांना घेऊन खासगी दवाखान्यात गेलो, १२,००० रुपये डिपॉझिट भरलं, त्यांच्या मुलाचे हात धरून म्हणालो, "चुकलं आमचं, सगळा खर्च मंडळ करील." आमच्याकडे याला माणुसकी म्हणतात. दुसरं काही सुचलंही नाही.

दुसऱ्या दिवशी पॉलिसी नीट वाचली. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे नाहीत, देण्याचा शब्दही द्यायचा नाही, असं त्यात छापलेलं होतं. तिन्ही गोष्टी आम्ही एका रात्रीत, अर्ध्या तासात केल्या होत्या.

आणखी एक. ही पॉलिसी अपघाताचे पैसे देत नाही. कायद्याने तुमच्यावर जी भरपाई बसते, ती देते. म्हणजे जखमी माणसाने तुमच्याकडे लेखी मागणी करायला हवी, तेव्हा कंपनी हलते. मावशींना हे समजवायला गेलो तर त्या चिडल्या. "आवं, पडले मी माझ्या पायानं. लेकरावर कामून कागद करू?" त्यांच्या लेखी कागद करणं म्हणजे कोर्टात ओढणं. चार दिवस त्यांची समजूत घालण्यात गेले. शेवटी त्यांच्या मुलाने साध्या वहीच्या पानावर लिहून दिलं: अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, झाकलेली नसलेली केबल, एवढा खर्च. तेवढं पुरलं.

मग कंपनीने नेमलेले तपासनीस संभाजीनगरहून आले. माणूस सभ्य, पण वेळ तीनदा विचारली. आमचा ध्वनिक्षेपकाचा परवाना रात्री दहापर्यंतचा होता, आणि मावशी दहानंतर पडल्या असत्या तर बोलणं वेगळं झालं असतं. वीज कुठून घेतली हेही खोदून विचारलं. गावोगावी खांबावर आकडा टाकून कार्यक्रम होतात, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. जनरेटरचं भाड्याचं बिल होतं, म्हणून वाचलो. खुर्च्यांचं बिलही मागितलं, ते कशासाठी हे शेवटी सांगतो.

प्लेट टाकून एकूण बिल झालं ६४,३००. आम्ही त्या रात्री भरलेले १२,००० कंपनीने धरलेच नाहीत, कारण संमती नव्हती. उरलेल्या ५२,३०० मधून एक्सेसचे १०,००० वजा होऊन ४२,३०० रुपये मावशींच्या खात्यात आले. साडेचार महिने लागले, आणि त्या काळात मी बाजारात त्यांच्या मुलाला टाळत होतो. प्रीमियम धरून मंडळाचे ३०,४९६ गेले. पॉलिसी नसती तर ६४,३०० गेले असते, म्हणजे शिल्लक संपून वर उधारी. खजिनदार म्हणून मला हे आकडे पुरेसे आहेत.

फेब्रुवारीचा अनुभव मात्र कोरडा गेला. संध्याकाळी अवकाळी वारा सुटला, मांडव बसला, दोन मोटारसायकली त्याखाली सापडल्या. कुणाला लागलं नाही. नैसर्गिक आपत्तीची जोडणी, म्हणजे जास्तीचे पैसे भरून घ्यायचं वाढीव संरक्षण, आम्ही घेतली नव्हती, म्हणून काही मिळालं नाही. सुमारे ९०० रुपये जास्त पडले असते. एजंटाने विचारलं नाही, आम्हीही विचारलं नाही. मराठवाड्यात फेब्रुवारी ते एप्रिल वादळ-गारपीट नवीन नाही, तरी सुचलं नाही. मांडववाल्याच्या फाटलेल्या कापडाचे १८,००० तर जोडणी असती तरी मिळाले नसते, कारण भाड्याने आपल्या ताब्यात घेतलेलं सामान या पॉलिसीत बसत नाही.

आपले कलाकार आणि कार्यकर्तेही त्यात बसत नाहीत, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. नवरात्रात स्टेजची फळी सरकून पोतराज झालेल्या मुलाचा घोटा मुरगळला, तेव्हा आम्हाला कळलं. आता सगळ्या सभासदांना बँकेतून वीस रुपयांची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना घ्यायला लावली आहे. पण ती अपघाती मृत्यू किंवा अपघाताने आलेल्या कायमच्या अपंगत्वासाठी, दोन लाखांपर्यंत; दवाखान्याचं बिल ती देत नाही. त्यासाठी ग्रुप अपघात पॉलिसी वेगळी लागते, उपचारखर्चासह. तिचा भाव अजून मागितलेला नाही.

मग परत काढायची का? काढतोय. आपत्तीची जोडणी घेऊन, आणि पैसे पंधरा दिवस आधी भरून, कारण प्रीमियम कंपनीकडे पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. विमा कायद्याचं कलम ६४ व्हीबी तसंच सांगतं. गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर चेक देऊन दोन रात्री झोप उडाली होती. केबलवर आता जुन्या टायरच्या पट्ट्या ठोकतो. कार्यकर्त्यांना एकच सांगून ठेवलंय: जखमीला दवाखान्यात न्या, सोबत बसा, घरच्यांना जेवणाचा डबा न्या, आणि त्याच रात्री कंपनीला कळवा. पैशाचा शब्द खजिनदाराला विचारल्याशिवाय देऊ नका. सचिवांना अजून हे पटलेलं नाही. डिपॉझिटशिवाय दवाखाना हात लावत नसेल तर काय करायचं, हा त्यांचा प्रश्न. माझं उत्तर असं की त्या वेळी भरायचे आणि ते परत येणार नाहीत हे धरूनच भरायचे.

अडलंय ते फॉर्मच्या एका रकान्यात: अपेक्षित प्रेक्षक. गेल्या वर्षी ३०० लिहिलं होतं, आणि कोजागरीला नुसत्या खुर्च्याच ४५० मागवल्या होत्या. तपासनीसांनी तो आकडा पाहून वहीत काहीतरी लिहिलं, आम्हाला काही म्हणाले नाहीत. यंदा अध्यक्ष म्हणतात ५०० लिहा, मी म्हणतो ८००. प्रीमियममध्ये फरक १,४०० रुपयांचा आहे. रविवारी बैठक आहे.